चहाच्या पानातील औषधी द्रव्ये : गुण, मर्यादा आणि दक्षता

चहा हे आज खेड्यापाड्यांतील घराघरांत पोचलेले पेय आहे. पहाटे धारा काढण्यापूर्वी, दुपारी बांधावर आणि सायंकाळी पाहुण्याच्या स्वागतासाठी चहा होतोच. इतक्या परिचयाच्या या पेयाविषयी मात्र दोन टोकांची मते ऐकू येतात. चहा म्हणजे विषच, त्याने भूक मरते व अंगातील रक्त आटते, असे काही वडीलधारी माणसे सांगतात. उलटपक्षी, हिरव्या चहाची पुडी मधुमेह, हृदयविकार, कर्करोग अशा सर्व दुखण्यांवर रामबाण आहे, असे सांगून ती चढ्या भावाने विकणारेही बाजारात पुष्कळ आहेत.

या दोन्ही मतांत सत्याचा अंश आहे. पण पूर्ण सत्य एकातही नाही. चहाच्या पानात औषधी गुणाची द्रव्ये आहेत आणि त्यांपैकी काहींपासून मान्यताप्राप्त औषधे तयार झालेली आहेत. परंतु पानातील एखादे द्रव्य औषध ठरणे आणि कपातील चहा औषध ठरणे या दोन अगदी भिन्न गोष्टी होत. हा भेद नीट ध्यानी घेतला तर शेतकरी कुटुंबाचा पैसा वाचेल. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, घरातील स्त्रिया व मुले यांच्या आरोग्याची एक नकळत होणारी हानी टळेल. गावपातळीवरील कार्यकर्त्यांना हा विषय लोकांना समजावून देता यावा, या हेतूने त्याची माहिती येथे क्रमाने दिली आहे.

चहाचे झुडूप

चहाचे शास्त्रीय नाव कॅमेलिया सायनेन्सिस असे आहे. त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत : बारीक पानांचा चिनी आणि रुंद पानांचा आसामी. मळ्यात जे कंबरेएवढे झुडूप दिसते ते वारंवार केलेल्या छाटणीमुळे तसे राहते. छाटणी न केल्यास आसामी चहाचा चांगला वृक्ष होतो. आसामातील सिंगफो लोक चहाचा उपयोग पूर्वीपासून करीत असत. १८२३ साली रॉबर्ट ब्रूस यास तेथे हे झाड आढळले आणि पुढे आसामात मळ्यांची लागवड सुरू झाली. जोरहाटजवळील टोकलाई येथे १९११ साली चहाचे संशोधन केंद्र स्थापन झाले. आसाम, उत्तर बंगाल, निलगिरी, केरळातील मुन्नारचा डोंगराळ प्रदेश आणि हिमाचल प्रदेशातील कांगडा ही भारतातील चहाची प्रमुख ठिकाणे होत.

चहाला आम्ल जमीन लागते. जमिनीचा सामू साधारणतः ४.५ ते ५.५ असावा, पाऊस भरपूर असावा, पण पाणी साचून राहू नये, अशा या पिकाच्या गरजा आहेत. दख्खनच्या पठारावरील काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीत व उन्हाळ्यातील कोरड्या हवेत हे पीक येत नाही. तेव्हा ‘औषधी पीक’ म्हणून अशा जमिनीत चहाची रोपे लावण्याच्या भरीस कोणी पडू नये.

झाड ही द्रव्ये का तयार करते?

चहाच्या झाडाने ही द्रव्ये माणसाच्या औषधासाठी तयार केलेली नाहीत, तर स्वतःच्या संरक्षणासाठी केलेली आहेत. कडू व तुरट द्रव्ये किडींना नकोशी असतात. कोवळ्या शेंड्यावर किडींचा मारा अधिक होतो, म्हणून कॅफीन हे द्रव्य कोवळ्या पानांत अधिक व जून पानांत कमी आढळते. मळ्यात ‘दोन पाने व एक कोंब’ एवढाच शेंडा खुडण्याची जी पद्धत आहे, तीमुळे ही द्रव्ये भरपूर असलेला भागच नेमका हाती येतो.

मशागतीचाही पानातील द्रव्यांवर परिणाम होतो. थिअ‍ॅनिन नावाचे द्रव्य मुळांत तयार होऊन पानांकडे चढते व उन्हात त्याचे रूपांतर होऊन तुरट द्रव्ये वाढतात. जपानमध्ये ‘ग्योकुरो’ नावाच्या उंची चहासाठी खुडणीपूर्वी सुमारे तीन आठवडे झुडपांवर सावली करतात. त्यायोगे थिअ‍ॅनिन टिकून राहते, तुरटपणा कमी होतो व चहाला गोडसर चव येते. एकाच झाडाचे पान उन्हातले की सावलीतले, कोवळे की जून, यावर त्यातील द्रव्यांचे प्रमाण अवलंबून असते, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवावी.

पानातील प्रमुख द्रव्ये

(१) कॅफीन : सुक्या पानात हे साधारणतः २ ते ४ टक्के असते. १८१९ साली रुंगे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ते प्रथम कॉफीपासून वेगळे केले. १८२७ साली चहात सापडलेल्या द्रव्यास ‘थीन’ असे नाव देण्यात आले होते. परंतु १८३८ साली ही दोन्ही द्रव्ये एकच असल्याचे सिद्ध झाले. दिवसभराच्या श्रमाने मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचे द्रव्य साचते व ते थकव्याची जाणीव करून देते. कॅफीन त्याची जागा अडवते, त्यामुळे तो निरोप पोचत नाही व माणसास तरतरी वाटते. म्हणजे चहाने थकवा नाहीसा होत नाही, तो काही काळ जाणवत नाही एवढेच. श्रमाची भरपाई अन्नाने व झोपेनेच होते.

(२) थिओफिलिन : हे कॅफीनच्याच कुळातील द्रव्य होय. जर्मन शास्त्रज्ञ आल्ब्रेख्ट कोसेल यांनी १८८८ साली ते चहाच्या पानांतून शोधून काढले. कोसेल यांना पुढे १९१० साली पेशींच्या रसायनशास्त्रावरील कार्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. चहात थिओफिलिनचे प्रमाण अत्यल्प असते.

(३) कॅटेचिन : चहाला तुरटपणा आणणारी ही द्रव्ये आहेत. जपानमधील कृषिशास्त्रज्ञ श्रीमती मिचियो त्सुजिमुरा यांनी १९२४ साली सहकाऱ्यासमवेत हिरव्या चहातील क जीवनसत्त्व दाखवून दिले आणि १९२९ साली त्यातून कॅटेचिन वेगळे केले. १९३२ साली कृषिशास्त्रातील डॉक्टरेट मिळविणाऱ्या त्या जपानमधील पहिल्या महिला होत. कॅटेचिनचे अनेक प्रकार आहेत व त्यांपैकी एपिगॅलोकॅटेचिन गॅलेट हे चहात सर्वांत अधिक असते. औषधी गुणांविषयीचे बहुतेक आधुनिक संशोधन याच द्रव्याभोवती फिरते. व्यवहारात या सर्व तुरट द्रव्यांना ‘टॅनिन’ असे ढोबळ नाव आहे.

(४) थिअ‍ॅनिन : १९४९ साली जपानमध्ये शोधले गेलेले हे अमिनो आम्ल चहाला विशिष्ट चव देते. मन शांत ठेवण्यास ते साहाय्य करते किंवा कसे, याविषयी प्रयोग चालू आहेत.

(५) फ्लोराइड : चहाचे झाड जमिनीतून फ्लोराइड शोषून पानांत साठविते. जून पानांत ते अधिक असते. हे द्रव्य अल्प प्रमाणात दातांना हितकारक, पण अधिक प्रमाणात दात व हाडे यांस अपायकारक आहे.

हिरवा चहा व काळा चहा

हिरवा चहा व आपला नेहमीचा काळा चहा ही दोन निराळी झाडे नव्हेत. फरक केवळ प्रक्रियेचा आहे. खुडलेली पाने लगेच वाफेवर अथवा कढईत तापविली म्हणजे पानातील विकरांचे कार्य थांबते, कॅटेचिन टिकून राहतात व हिरवा चहा तयार होतो. काळ्या चहासाठी पाने प्रथम सुकवून मऊ करतात, मग चुरडतात व हवेत पसरून ठेवतात. कापलेले वांगे किंवा सफरचंद जसे हवेत काळवंडते, तशीच क्रिया येथे घडते. कॅटेचिनपासून थिआफ्लेविन व थिआरुबिजिन ही लालसर-तपकिरी द्रव्ये तयार होतात व चहाला रंग आणि कडकपणा येतो. कॅफीनच्या प्रमाणात यामुळे मोठा फरक पडत नाही. म्हणून हिरवा चहा म्हणजे कॅफीन नसलेला चहा, ही समजूत चुकीची आहे.

औषध म्हणून सिद्ध झालेली द्रव्ये

चहात सापडणाऱ्या द्रव्यांपैकी तिहींना वैद्यकात निश्चित स्थान मिळाले आहे.

पहिले थिओफिलिन. या द्रव्याने श्वासनलिकांभोवतीचे स्नायू सैल पडतात. १९२२ च्या सुमारास त्याचा दम्यावरील उपयोग नोंदला गेला आणि पुढे कित्येक दशके ते दम्याचे एक प्रमुख औषध होते. आता श्वासावाटे घ्यावयाच्या औषधांना प्रथम पसंती असल्याने त्याचा वापर मागे पडला आहे. तथापि काही रुग्णांना ते आजही दिले जाते. हे औषध पूर्वीपासूनच कारखान्यात रासायनिक रीतीने बनविले जाते, पानांतून काढले जात नाही. त्याची मात्रा शेकडो मिलिग्रॅममध्ये मोजतात. चहाच्या कपात ते नाममात्र असते. शिवाय गुणकारी मात्रा व विषारी मात्रा यांत अंतर फार थोडे असल्याने वैद्यकीय देखरेखीशिवाय ते घेता येत नाही. यास्तव दम्याचा जोर झाला असता कोरा चहा पाजून वेळ दवडणे धोक्याचे आहे. अशा रुग्णास विनाविलंब दवाखान्यात न्यावे.

दुसरे कॅफीन. वेदनाशामक गोळ्यांत पॅरासिटामॉल किंवा अ‍ॅस्पिरिनच्या जोडीस ते काही वेळा घालतात. परंतु त्याचा सर्वांत मोलाचा उपयोग दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या अर्भकांसाठी होतो. अशा बालकांचा श्वास मधूनमधून थांबतो. २००६ व २००७ साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे २,००० अर्भकांवरील आंतरराष्ट्रीय अभ्यासात असे दिसून आले की, कॅफीन सायट्रेट दिलेल्या बालकांच्या फुप्फुसांची हानी कमी झाली व पुढील वाढीतील व्यंगाचे प्रमाणही घटले. येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. हे औषध रुग्णालयात, बालकाच्या वजनानुसार, अचूक मोजून दिले जाते. यावरून तान्ह्या मुलास चहाचा चमचा पाजावा, असा अर्थ कोणीही काढू नये. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नये, हाच नियम होय.

तिसरे कॅटेचिन. हिरव्या चहाच्या पानांतील कॅटेचिनचा प्रमाणित अर्क घालून केलेल्या मलमास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००६ साली मान्यता दिली. जननेंद्रियांच्या भागावर विषाणूमुळे उठणाऱ्या चामखिळींवर हे मलम बाहेरून लावण्यासाठी आहे. वनस्पतीच्या मिश्र अर्कास डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारे औषध म्हणून तेथे मिळालेली ही पहिलीच मान्यता होती.

या तिन्ही उदाहरणांत एक समान सूत्र आहे. द्रव्य शुद्ध किंवा प्रमाणित केले गेले, त्याची मात्रा ठरविली गेली, रुग्णांवर त्याची रीतसर परीक्षा झाली, आणि मगच ते एका विशिष्ट विकारावर औषध म्हणून मान्य झाले. खताच्या बाबतीत शेतकरी हेच करतो. पोत्यावर नत्राचे प्रमाण लिहिलेले असते म्हणूनच एकरी किती खत द्यावे हे ठरविता येते. चहाच्या कपावर असे प्रमाण लिहिलेले नसते.

अद्याप सिद्ध न झालेले गुण

हृदयविकार : जपानच्या ईशान्य भागातील ओसाकी येथील सुमारे ४०,५०० प्रौढांची पाहणी २००६ साली प्रसिद्ध झाली. अधिक हिरवा चहा पिणाऱ्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू कमी आढळले. कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंत मात्र असा फरक दिसला नाही. ब्रिटनमधील सुमारे पाच लक्ष लोकांच्या, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, दिवसाला दोन किंवा अधिक कप चहा पिणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण थोडे कमी आढळले. परंतु ही निरीक्षणे आहेत, प्रयोग नव्हेत. ज्या शेतकऱ्याकडे बैलजोडी चांगली त्याचे पीक चांगले, असे दिसले तरी पीक बैलांमुळेच आले की त्याच्या विहिरीमुळे, हे नुसत्या पाहणीने ठरत नाही. तसेच हे आहे. प्रत्यक्ष प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१३ साली घेण्यात आला. त्यात चहामुळे रक्तातील अपायकारक चरबी व रक्तदाब यांत अल्पशी घट दिसली. परंतु प्रयोग थोडे व अल्पकालीन असल्याने अधिक दीर्घ प्रयोगांची आवश्यकता नमूद करण्यात आली.

कर्करोग : प्रयोगशाळेत काचपात्रातील पेशींवर कॅटेचिनचा परिणाम दिसतो, हे खरे. परंतु प्यालेल्या चहातील कॅटेचिनचा फारच थोडा भाग रक्तात उतरतो. हिरवा चहा व कर्करोग यांसंबंधीच्या १४२ अभ्यासांचा आढावा २०२० साली प्रसिद्ध झाला. हिरव्या चहाने कर्करोग टळतो, याविषयीचा पुरावा परस्परविसंगत असल्याचा त्याचा निष्कर्ष आहे. म्हणून कर्करोगावर चहाचा अर्क विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबून रुग्णालयातील उपचार थांबविणे हे प्राणावर बेतणारे आहे.

अर्काच्या गोळ्या : वजन उतरविण्यासाठी हिरव्या चहाच्या घट्ट अर्काच्या गोळ्या विकल्या जातात. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ साली असे निदर्शनास आणले की, पूरक गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक एपिगॅलोकॅटेचिन गॅलेट घेतल्यास यकृतास इजा होत असल्याची चिन्हे दिसू शकतात. पान निरुपद्रवी म्हणून त्याचा घट्ट अर्कही निरुपद्रवी, असे समजू नये.

चहा आणि रक्तक्षय

आतापर्यंतचे विवेचन चहाच्या संभाव्य लाभांविषयी झाले. परंतु ग्रामीण कुटुंबाच्या दृष्टीने चहातील द्रव्यांचा सर्वांत महत्त्वाचा परिणाम निराळाच आहे. ज्या कॅटेचिनची औषधी म्हणून एवढी ख्याती आहे, त्यांच्याच कुळातील तुरट द्रव्ये जेवणातील लोह बांधून टाकतात व ते रक्तात उतरू देत नाहीत.

ही क्रिया खेड्यातील माणसास अपरिचित नाही. हिरड्याच्या काढ्यात हिराकस घातला म्हणजे काळा रंग तयार होतो. हिरड्यात तुरट द्रव्य आहे आणि हिराकस म्हणजे लोहाचा क्षार. दोहोंच्या संयोगाने न विरघळणारा काळा पदार्थ बनतो. भाकरीबरोबर चहा घेतला म्हणजे तीच क्रिया पोटात घडते. भाकरी, डाळ व पालेभाजी यांतील लोह टॅनिनशी बांधले जाते व शौचावाटे निघून जाते. मांसातील लोह निराळ्या स्वरूपात असल्याने त्यावर हा परिणाम फारसा होत नाही. म्हणजे ज्यांचे जेवण मुख्यतः धान्य, डाळ व भाजी यांचे, त्यांचीच हानी अधिक होते.

दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांनी १९७५ साली हे मानवावरील प्रयोगांनी दाखवून दिले. पाव, तसेच भात व बटाटा-कांद्याचे सार अशा जेवणातील लोहाचे शोषण चहामुळे घटल्याचे त्यांना आढळले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत पावाच्या जेवणाबरोबर काळा चहा दिला असता लोहाचे शोषण सुमारे ८० ते ९० टक्क्यांनी घटले, व चहात दूध घातल्याने या परिणामात विशेष फरक पडला नाही. २०१७ साली ब्रिटनमधील प्रयोगात ही घट सुमारे ३७ टक्के आढळली. परंतु जेवणानंतर एक तास थांबून चहा दिला तेव्हा ती बरीच कमी झाली. चहाचा कडकपणा व जेवणाचे स्वरूप यांनुसार आकडे बदलतात. पण जेवणाबरोबरचा चहा लोहाला मारक आहे व मधे तासाचे अंतर ठेवल्यास अपाय कमी होतो, या गोष्टी स्पष्ट आहेत.

या प्रश्नाचे गांभीर्य आपल्याकडे किती आहे, हे २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीवरून कळते. भारतात १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के व सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांपैकी ६७ टक्के रक्तक्षयग्रस्त आढळली. महाराष्ट्रातही निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आहेत. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत. आहारात लोह कमी असणे, जंत, पाठोपाठची बाळंतपणे, मलेरिया आणि सिकलसेलसारखे आनुवंशिक विकार ही त्यांपैकी काही होत. सर्व दोष चहावर ढकलणे योग्य नव्हे. ज्याच्या अंगात रक्त पुरेसे आहे त्यास जेवणाबरोबरच्या एखाद्या कपाने मोठा अपाय होत नाही. परंतु जिच्या शरीरात लोहाची तूट आहे तिला मिळणारे थोडे लोहही चहाने हिरावून घेऊ नये, एवढे तर आपल्या हाती आहे. आणि त्यास एक पैसाही खर्च येत नाही.

लोहाच्या गोळ्यांविषयी हे विशेषच खरे आहे. ‘अ‍ॅनिमियामुक्त भारत’ कार्यक्रमाखाली, २०१८ पासून, गर्भवती स्त्रीस चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज एक गोळी देण्याची योजना आहे. या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. कित्येक स्त्रिया गोळीची चव व मळमळ टाळण्यासाठी ती चहाच्या घोटाबरोबर घेतात. असे केल्यास गोळीतील लोहाचा बराचसा भाग वाया जातो. गोळी पाण्याबरोबर घ्यावी. शक्य असल्यास सोबत लिंबूपाणी, आवळा किंवा पेरू घ्यावा; क जीवनसत्त्वाने लोह अंगी लागण्यास मदत होते.

सभेत दाखविण्याजोगे प्रात्यक्षिक

ही गोष्ट शब्दांनी सांगण्यापेक्षा डोळ्यांनी दाखविलेली अधिक ठसते. आरोग्य उपकेंद्रातून मुदत संपलेली लोहाची एक गोळी मागून घ्यावी. चालू गोळी यासाठी वाया घालवू नये. गोळीवरील रंगीत आवरण ओल्या फडक्याने पुसून टाकावे, ती कुटून थोड्या पाण्यात घोळवावी व वरचे पाणी काढून घ्यावे. दोन काचेच्या पेल्यांत दूध व साखर न घातलेला कोरा चहा पातळ करून घ्यावा. एका पेल्यात नुसते पाणी व दुसऱ्यात गोळीचे पाणी घालावे. पहिल्यातील चहा तांबूसच राहतो. दुसऱ्यातील काळपट होतो. गोळीतले लोह रक्तात जाण्याऐवजी चहात कसे अडकते, हे मग निराळे सांगावे लागत नाही. प्रयोगानंतर दोन्ही पेले रिकामे करून स्वच्छ धुवावेत. लोहाच्या गोळ्या लहान मुलांच्या हाती पडू देऊ नयेत. अनेक गोळ्या एकदम खाल्ल्यास बालकाच्या जिवास धोका असतो, हेही याच वेळी सांगावे.

अन्य दक्षता

कढत चहा : ६५ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक उष्ण पेये अन्ननलिकेच्या कर्करोगास बहुधा कारण ठरतात, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली जाहीर केले. दोष चहाचा नसून उष्णतेचा आहे. चुलीवरून उतरलेला चहा दोन-चार मिनिटे निववून प्यावा. बशीत ओतून पिण्याची जुनी रीत या दृष्टीने सोयीची आहे.

किती चहा : हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शनानुसार १५० मिलिलिटर चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असते, दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक कॅफीन घेऊ नये आणि जेवणाच्या आधी व नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळावी. गर्भवती स्त्रियांनी याहूनही कमी, दिवसाला एक-दोन कपांवर थांबणे श्रेयस्कर. दम्यासाठी थिओफिलिन घेणाऱ्या रुग्णाने चहाचा अतिरेक टाळावा. दोन्ही एकाच कुळातील असल्याने छातीत धडधड, हात थरथरणे व निद्रानाश हे त्रास वाढतात.

फ्लोराइडचे पाणी : यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड यांसारख्या जिल्ह्यांतील ज्या गावांच्या भूजलात फ्लोराइड अधिक आहे, तेथे वारंवार उकळलेल्या कडक चहाने त्यात भरच पडते. पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही. अशा गावांनी पाणी तपासून घेऊन सुरक्षित स्रोताचेच पाणी वापरावे.

जेवणाऐवजी चहा : सुगीच्या दिवसांत अनेक मजूर स्त्रिया न्याहारी न करता केवळ चहावर कामास निघतात. कॅफीनने भूक व थकवा दबतो आणि साखर-दुधाने अंगी फारच थोडे लागते. चहा हे अन्न नव्हे. आधी भाकरी व तासाभराने चहा, हा क्रम हितावह आहे.

गवती चहा हा चहा नव्हे

परसात लावला जाणारा गवती चहा ही गवताच्या कुळातील वनस्पती असून तिचा कॅमेलियाशी संबंध नाही. तिचा लिंबासारखा वास सिट्रल या द्रव्यामुळे येतो व तीत कॅफीन नसते. चहाची पूड न घालता नुसत्या गवती चहाचे पाणी उकळून घेतल्यास चहाची तलफ काही अंशी भागते व कॅफीन टळते. मात्र चहाची पूड घालून वर गवती चहाची पात टाकल्याने पुडीतील टॅनिन किंवा कॅफीन कमी होत नाही.

सारांश : लोकांना काय सांगावे?

१. चहा हे तरतरी देणारे पेय आहे. तो विष नव्हे व औषधही नव्हे.

२. जेवण व चहा यांत किमान एक तासाचे अंतर ठेवावे. गर्भवती व स्तनदा माता, किशोरवयीन मुली आणि रक्तक्षयाचे रुग्ण यांनी हा नियम कटाक्षाने पाळावा.

३. लोहाची गोळी चहाबरोबर किंवा दुधाबरोबर घेऊ नये, पाण्याबरोबर घ्यावी.

४. लहान मुलांस चहा देऊ नये. चहा-पाव किंवा चहा-बटर हा मुलाचा नाश्ता होऊ शकत नाही.

५. जेवणात लिंबू, आवळा, पेरू, मोड आलेली कडधान्ये यांचा समावेश करावा.

६. दमा, हृदयविकार, मधुमेह किंवा कर्करोग यांवर चहाचा अर्क घेऊन चालू औषध बंद करू नये.

७. चहा फार कढत पिऊ नये व तीच पूड पुन्हा पुन्हा उकळू नये. उरलेला चोथा धुऊन कंपोस्टच्या खड्ड्यात टाकावा.

आशा कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका व शेतीविषयक काम करणारे कार्यकर्ते यांनी हा विषय महिला बचत गटाच्या बैठकीत एकत्र मांडल्यास त्याचा उपयोग अधिक होईल. चहा सोडा असे सांगितल्यास कोणी ऐकणार नाही व तसे सांगण्याची गरजही नाही. चहाची वेळ तेवढी बदलावयाची आहे. संशोधकांच्या प्रयोगशाळेतून चहाच्या पानाची आणखी औषधे यथाकाल निघतील. परंतु घरातील गर्भवती सुनेने आज गोळी पाण्याबरोबर घेतली व चहा तासाभराने घेतला, तर तिच्या व तिच्या बाळाच्या रक्तात जे लोह उतरेल, तो लाभ आजचाच आहे.